मृदंग वाजवता की चित्रं काढता? नेहमी विचारले जाणारे प्रश्न, एकदाची उत्तरं

जत्रेत, गणपतीत, एसटीत, लग्नात, सगळीकडे तेच तेच प्रश्न येतात म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच टाकू. क्रम वगैरे काही नाही, जे जास्त विचारतात ते वर घेतलंय.

तुम्ही नक्की कोण, वादक की चित्रकार?

गावात हा प्रश्न "तू नेमको कोण रे, वाजवणारो की रंगवणारो?" असा येतो आणि मुंबईत गेलो की "मेन काय आणि साईडला काय?" असा येतो, पण विचारायचं तेच असतं. सरळ उत्तर म्हणजे कुठला महिना चाललाय ते बघा. मृग लागला की आमच्याकडे जत्रा बंद, नाटकं बंद, मांडव उतरलेले, मग मृदंगाला घरात बसवायचं आणि ब्रश हातात घ्यायचा तो भाद्रपदापर्यंत. नंतर त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू झाल्या की वैशाखापर्यंत रात्री मृदंग. लोकांना वाटतं की एक पोटासाठी आणि एक हौसेसाठी, तर तसं काही नाही, दोन्ही पोटासाठी आहेत आणि दोन्ही हौसेसाठी पण. सिंधुदुर्गात राहणारा माणूस फक्त मृदंगावर जगेल तर पावसाळ्यात काय खाणार, आणि फक्त गणपती रंगवून जगेल तर मार्गशीर्षात काय करणार. शेतकरी पावसात भात लावतो आणि नंतर वायंगण किंवा कुळीथ घेतो तेव्हा त्याला कोणी विचारत नाही की तुझं मेन पीक कुठलं.

सुरुवात कशी झाली?

वाजवणं आधी आलं. घराजवळ देवळात दर आठवड्याला भजन असायचं, आजो झांजेला बसायचा आणि मी त्याच्या मांडीला टेकून. मृदंगाला जे बसायचे ते नंतर माझे गुरुजी झाले, पण तेव्हा त्यांनी मला शिकवलं वगैरे नाही, मला कणीक मळायला लावली. मृदंगाच्या डाव्या तोंडाला दरवेळी ताजी गव्हाची कणीक लावतात, त्याशिवाय तो घुमणारा आवाज येतच नाही, आणि कार्यक्रम झाला की ती खरवडून काढतात. किती पाणी, किती घट्ट, मधे जाड आणि कडेला पातळ कशी पसरवायची, हेच बरेच दिवस चाललं. वैताग यायचा. पण त्यामुळे झालं काय की हात लावायच्या आधी कान तयार झाला, कणीक जास्त झाली की आवाज बसतो आणि कमी झाली की ठणठण करतो हे मला बोल शिकायच्या आधी कळलेलं.

रंगाचं मामाकडे. मामाची गणपतीची शाळा. जे कोकणातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडे मूर्ती बनवायच्या जागेला शाळाच म्हणतात. लोक आपापल्या घरचा पाट आणून ठेवतात आणि त्या पाटावरच त्यांचा गणपती बसवायचा असतो, शाडूचा. मे महिन्याच्या सुट्टीत माती मळायला गेलो (परत मळणंच!) आणि मग पावसात शाळा सुटली की संध्याकाळी रंगाला. लहान मुलाला आधी पाटाचा रंग, मग उंदीर, मग पीतांबर, मग शेला आणि दागिने असं करत करत वर चढवतात. डोळ्यांची आखणी फक्त मामा करायचा आणि तेव्हा शाळेत कोणी बोलायचं नाही, रेडिओ पण बंद. मला डोळे मिळाले ते खूप उशिरा.

मग गणपतीत तर दोन्ही कामं एकदम येत असतील?

येतात ना, तोच तर गोंधळ. हरतालिकेच्या संध्याकाळपर्यंत मूर्ती जात असतात, कोणाचा तरी हार राहिलेला असतो, कोणाला पीतांबर लाल हवा होता आणि पिवळा झालेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी रात्रीपासून भजनं. घरोघरी. एका वाडीत एका रात्रीत किती घरं होतील ते बुवांच्या गळ्यावर आणि चहावर अवलंबून. मी स्वतः रंगवलेल्या गणपतीसमोर बसून वाजवतो आणि गजर चालू असताना लक्ष जातं ते कानाजवळ रंग कमी पडलाय तिकडे. घरच्यांना दिसत नाही, मला दिसतं. ज्यांच्याकडे 21 दिवसांचा गणपती असतो त्यांच्याकडे तर ती चूक 21 दिवस बसून असते. भजन झालं की काळ्या वाटाण्याची उसळ मिळते, तेवढ्याने माणूस शांत होतो.

मृदंग आणि पखवाज एकच का?

आमच्या भागात दोन्ही नावं एकाच वाद्याला चालतात. दक्षिणेतला मृदंगम् हा वेगळा, त्यावर कृपया मला व्हिडिओ पाठवू नका.

दशावतारात मृदंगवाल्याचं काम काय असतं? फक्त साथ?

फक्त साथ म्हणणाऱ्याने आमचं हे जत्रेतलं लोकनाट्य एकदा पहाटेपर्यंत बसून बघावं. वाद्यं मोजून तीन, पायपेटी, मृदंग आणि झांज, आणि यावर अख्खी रात्र काढायची. पालखी झाली की साधारण मध्यरात्रीच्या आसपास उभं राहतं, पहिल्यांदा आड दशावतार, म्हणजे गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मग तो काळा संकासुर येऊन मालवणीत सगळ्यांची टर उडवतो, त्याचा विष्णू वध करतो, आणि मग मुख्य आख्यान, जे उजाडेपर्यंत चालतं आणि शेवटी दहीकाला. संवाद लिहिलेले नसतात. कुठलं आख्यान करायचं ते ठरतं, कोण कोणता राजा ते ठरतं, पुढचं सगळं उभ्याउभ्या. त्यामुळे नट पुढच्या वाक्यात काय बोलणार ते मला माहीत नसतं, बऱ्याचदा त्याला पण माहीत नसतं! पण तो पाय कसा टाकतो त्यावरून कळतं की आता हा भडकणार आहे, आता युद्ध लागणार आहे, किंवा आता पद घेणार आहे आणि पेटीवाला सूर देईपर्यंत मला जागा भरायची आहे. राक्षसाचा प्रवेश आणि राणीचा प्रवेश एकाच ठेक्यावर केला तर प्रेक्षकातली म्हातारी माणसं तिथल्या तिथे ओरडून सांगतात, त्यांना चौताल 12 मात्रांचा की 14 चा हे माहीत नसेल पण चुकलं हे बरोबर कळतं.

आणि स्त्रीभूमिका पुरुषच करतात पारंपरिक कंपन्यांत, तर राणीच्या चालीला हात हलका ठेवावा लागतो, कारण समोरचा नट तासभर लुगडं सावरत ती चाल टिकवतोय, त्यात तुम्ही ढुम्म करून थाप मारली की त्याची मेहनत पाण्यात.

ट्रिकसीनवाल्या नाटकांबद्दल मत काय?

लोकांना आवडतात, गर्दी होते, नाईट म्हणजे रात्रीचे प्रयोग मिळतात, म्हणून मी वाजवतो. मला विचाराल तर धुराचं मशीन सुरू व्हायची वाट बघत एकच ठेका चालू ठेवणं म्हणजे शिक्षा आहे. लाकडाचा एक बाक असायचा, तोच सिंहासन, तोच डोंगर, तोच पलंग, आणि प्रेक्षक मान्य करायचे. आता खरंच साप खाली येतो वरून दोरीने, आणि कधीकधी मधेच अडकतो.

तुमच्या चित्रातली सगळी माणसं बाजूने का दिसतात? समोरून तोंड काढता येत नाही का?

हा प्रश्न पहिल्यांदा एका प्रदर्शनात शाळेतल्या मुलीने विचारला आणि तेव्हापासून सगळे विचारतात. येतं काढता. गणपती समोरूनच रंगवतो ना मी.

पण खरं कारण मजेशीर आहे. दशावतारात वाद्यवाले बसतात रंगमंचाच्या बाजूला. मी लहानपणापासून नाटक समोर बसून फार कमी बघितलंय, जे काय बघितलं ते मृदंगाच्या मागून, तर मला राजा दिसतो तो एका डोळ्याचा, एका मिशीचा, मुकुटाची एक बाजू चमकत असलेला, आणि त्याच्या पलीकडे उजेडात अर्धे प्रेक्षक, त्यातले अर्धे झोपलेले. विंगेत बिडी ओढणारा राक्षस पण दिसतो मला, तो समोरच्यांना दिसत नाही. मी चित्रं काढायला लागलो तेव्हा हेच उतरत गेलं, ठरवून नाही.

नंतर पिंगुळीला चित्रकथीच्या जुन्या पोथ्या नीट बघितल्या आणि तिथेही तेच, माणसं बाजूने, एक मोठा टपोरा डोळा, समोरासमोर उभी, युद्ध असो की सीतास्वयंवर. त्या दिवशी जरा बरं वाटलं की आपण एकटेच तिरके नाही.

चित्रकथी म्हणजे नेमकं काय, आणि तुमचा त्याच्याशी काय संबंध?

कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे, तिथल्या ठाकर समाजाची ही कला. एका कथेची चित्रं कागदावर काढलेली असतात, तो संच म्हणजे पोथी, आणि सांगणारा एकेक चित्र समोर धरत गाऊन रामायण-महाभारतातली कथा सांगतो, साथीला वीणा, हुडुक, टाळ. रंग पूर्वी माती, दगड, झाडपाल्यापासून करायचे. सावंतवाडीच्या राजांचा आश्रय होता या लोकांना. हीच मंडळी कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पण करतात. परशुराम गंगावणे यांना 2021 ला पद्मश्री मिळाली तेव्हा बऱ्याच लोकांनी पहिल्यांदा हे नाव ऐकलं, तोपर्यंत पिंगुळीवरून गाड्या सरळ गोव्याला जायच्या. आता निदान काहीजण ठाकर आदिवासी कला आंगणात थांबतात. थांबा तुम्ही पण.

संबंध म्हणाल तर मी ठाकर समाजातला नाही आणि मी जे करतो ती चित्रकथी नाही, हे मी प्रत्येक ठिकाणी सांगतो कारण विकणारे लोक लगेच तसा टॅग लावतात. पण वाद्य आणि चित्र ही वेगवेगळ्या माणसांची कामं आहेत असं जे शहरात धरून चालतात, त्यांना मी पिंगुळीच दाखवतो. तिथे चित्र, गाणं आणि ताल एकाच बैठकीत आहेत आणि घरातलं कोणीही यातलं काहीही करतं. त्यांना कोणी मल्टीटॅलेंटेड म्हणत नाही, ते घरचं काम आहे.

गंजिफा पण करता म्हणे?

थोडं केलं, सावंतवाडीला. दशावतारी गंजिफा म्हणजे गोल पत्ते, 10 अवतारांचे 10 संच आणि प्रत्येकात 12 पत्ते, असे 120. राजा, प्रधान आणि एक ते दहा. इतक्या छोट्या गोलात मत्स्य, कूर्म, वराह बसवायचे, वर लाखेचं पॉलिश. ज्यांचा संयम संपत नाही त्यांच्यासाठी आहे हे. रात्रभर दोन्ही हातांनी थापा मारणाऱ्या माणसाने सकाळी शून्य नंबरचा ब्रश धरून दाखवावा, मग बोलू.

म्हणजे वाजवण्याचा हातावर परिणाम होतो?

होतो. जत्रेची रात्र झाली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोटं बारीक थरथरतात, दिसत नाही पण रेघेत उतरतं. म्हणून सीझनमधे मी आखणी करतच नाही, फक्त मोठे वॉश, आकाश, मांडवाचं कापड, काळोख. माझ्या चित्रांत काळोख भरपूर असतो त्याचं एक कारण हे, समीक्षक वेगळं काहीतरी लिहितात.

बाकीचे त्रास बारीक आहेत पण रोजचे. थंडीत बोटांच्या टोकांना भेगा पडतात, खोबरेल लावलं तर शाईवर, म्हणजे मृदंगाच्या तोंडावरच्या काळ्या लेपावर, तेल चढतं आणि पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, खराब होते, शिवाय कागदावर डाग. म्हणून तेल फक्त झोपताना. वाजवताना हाताला पावडर, ती नंतर ओल्या रंगात पडते. नखात कणीक राहते. ऑइल कलर मी सोडले, टर्पेंटाइनने बोटं कोरडी पडून मृदंगावर फाटायला लागली तेव्हा. आता पोस्टर कलर, वॉटर कलर आणि ॲक्रेलिक. मनगट दुखतं का असं विचाराल तर हो, उजवं वाजवण्याने कमी आणि तासन् तास बसून दागिने रंगवण्याने जास्त, हे कोणालाच पटत नाही.

पावसाळ्यात वाद्यं आणि चित्रं कशी सांभाळता?

कसली सांभाळता, भांडण असतं ते. कोकणात जून ते सप्टेंबर हवाच ओली. चामडं ओल धरतं आणि सैल पडतं, म्हणजे संध्याकाळी सुरात लावलेला मृदंग आरतीपर्यंत उतरलेला. बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकून, वादी म्हणजे चामड्याची दोरी ताणून सूर चढवता येतो पण फार ताणला आणि मग एखादा दिवस कडक ऊन पडलं की पुडीच फुटते. पूर्वी चुलीच्या वर माळ्यावर ठेवायचे, धुराने किडा पण लागत नसे. आता गॅस आला, चूल गेली, तर मी एका लाकडी कपाटात पिवळा बल्ब लावून ठेवतो चोवीस तास, आणि त्याच कपाटाच्या वरच्या खणात कागद. लाईट गेली की दोघांचं एकदम वाटोळं. एलईडी बल्ब चालत नाही त्याला, उब येत नाही.

कागदाला बुरशीचे पिवळे ठिपके येतात, आणि एकदा आले की गेलं समजा ते चित्र. वॉश वाळत नाही, दुसरा थर दिला की खालचा उठतो. शाडूच्या मूर्तीचं पण तसंच, आत ओल राहिली आणि वरून रंग दिला की पोपडे. म्हणून शाळेत पंखे आणि बल्ब लावून मूर्ती सुकवतात आणि ज्या वर्षी श्रावणात ऊन पडत नाही त्या वर्षी सगळे मूर्तीकार चिडचिडे असतात, तेव्हा त्यांच्याकडे जाऊन "झाला काय आमचा?" असं विचारू नये.

मृदंगाचं खोड खैराचं की फणसाचं हे पण विचारतात. खैराचं जड आणि टिकाऊ, फणसाचं हलकं. ज्याला मृदंग खांद्यावर टाकून डोंगरावरच्या वाडीत चालत जायचंय त्याने काय घ्यावं ते मी वेगळं सांगत नाही.

शिक्षण कुठे झालं? डिग्री आहे का?

चित्रकलेत शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षा, त्या कोकणात निम्मी मुलं देतात. पुढे आर्ट कॉलेजला जायची इच्छा होती, तेव्हा जमलं नाही. आता निदान सावर्ड्याला सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट आहे, प्रत्येकाला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टला जायलाच पाहिजे असं नाही. वाजवण्यात अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिल्या, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत. त्याने फायदा झाला का तर झाला, धमार, सूलताल, तीव्रा हे भजनात कुठे शिकणार, आणि नाना पानसे हे वाईजवळच्या बावधनचे, पुढे इंदूरला नाव काढलं, एवढी मोठी पखवाजाची परंपरा आपल्याच मातीतून गेलीय हे मला परीक्षेच्या पुस्तकाने सांगितलं, भजनी मंडळाने नाही. पण डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, समोरच्या बुवाने अचानक चाल बदलली तर विशारदचं सर्टिफिकेट काढून दाखवता येत नाही.

मुंबई का सोडली?

काही वर्षं होतो, लालबागच्या बाजूला गाववाल्यांच्या खोलीत. दुकानांच्या पाट्या आणि मंडळांचे कापडी बॅनर रंगवायचो, रात्री चाकरमान्यांच्या भजनात वाजवायचो. मग फ्लेक्स आला. पाटी रंगवायला लागायचा दिवस, फ्लेक्स तासात, आणि वर फोटो पण छापून. तक्रार करण्यात अर्थ नव्हता, स्वस्त होतं ते. परत आलो. कोकण रेल्वे 1998 पासून पूर्ण सुरू झालेली असल्याने मुंबईची नाईट आली तर रात्रीत जाऊन येता येतं, फक्त जनरल डब्यात मृदंग वरच्या फळीवर ठेवून खाली झोपायची हिंमत अजून झालेली नाही, तो मांडीवरच.

घुमट वाजवता का?

आवडतं, गोव्यात आरतीला बसलो की हात लावतो पण मी घुमटवाला नाही. मातीचं मडकं दोन्ही बाजूंनी उघडं, एका तोंडाला चामडं. पूर्वी घोरपडीचं असायचं, वन्यजीव कायद्याने ते बंद आहे आणि बंदच असायला पाहिजे, आता बकऱ्याचं वापरतात. 2019 ला गोवा सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य केलं. माझ्याकडे कोणी "ओरिजिनल" घुमट मागू नये.

मुलींना शिकवता का?

हो. महिला भजनी मंडळात मृदंगाला मुली बसतात, महिलांची दशावतार नाटकं पण होतात आता. पुढचा प्रश्न.

स्टेजवर एकाच वेळी वाजवून चित्र काढून दाखवाल का? इव्हेंटसाठी?

नाही. हात दोनच आहेत आणि मृदंगाला दोन्ही लागतात. दुसऱ्याने वाजवायचं आणि मी पाच मिनिटांत गणपती काढायचा असंही विचारतात, ते पण नको. टाळ्या पडतात हे मान्य.

पैसे किती मिळतात?

आकडा सांगणार नाही पण पद्धत सांगतो. नाटकाचे नाईटप्रमाणे, कंपनीचा मालक देतो, सीझनच्या सुरुवातीला थोडी उचल घेता येते. भजनाचे बुवा देतात, घरोघरच्या गणपतीतल्या भजनाचे कोणी देत नाही आणि मागायचे नसतात. मूर्ती रंगवण्याचे नगाप्रमाणे. चित्रं विकली जातात ती मे महिन्यात, टुरिस्ट आणि चाकरमानी आले की, आणि जास्त करून संकासुर विकला जातो. म्हणजे जून-जुलैला हातात काहीच नसतं आणि तेव्हाच रंग, ब्रश, मुलांच्या वह्या सगळं एकदम. वाण्याकडे उधारी असते, ती गणपतीनंतर फिटते. हे ऐकून ज्यांना अजूनही यात यायचंय त्यांनी यावं, पण आधी वाण्याशी संबंध चांगले ठेवावेत.

नाईट ठरवायची किंवा चित्र घ्यायचं असेल तर?

जत्रेच्या नाईटचं कंपनीशी बोला, माझ्याशी नाही. भजनासाठी तारीख, बुवा कोण आणि त्यांची पट्टी काय एवढं आधी सांगा, कारण त्या सुराची पुडी असलेला मृदंग घेऊन यावा लागतो, ऐनवेळी चढवून होत नाही. मंडळाने कणीक तयार ठेवायची गरज नाही, मी पीठ घेऊन येतो, फक्त पाणी आणि बसायला गादी द्या. चित्र हवं असेल तर दिवाळीनंतर सांगा म्हणजे मे पर्यंत होईल. फोटो पाठवून "अस्सा काढून द्या" म्हणणाऱ्यांना नाही म्हणतो, नवऱ्या-बायकोचं पोर्ट्रेट पण नाही, काढलंच तर बाजूनेच दिसाल. आणि नारळी पौर्णिमा ते चतुर्थी या दिवसांत फोन केलात तर उचलणार नाही, रंगाचे हात असतात.